द्राक्षबागेच्या फवारणी वहीसाठी स्वतः कोडिंग शिकलो : चौदा महिने आणि एक अडलेला प्रश्न

माणिकचमन

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण नाशिक पट्ट्यातून स्वतःचं काही उभं करू पाहणाऱ्यांना यातलं थोडं तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

मी मूळचा दिंडोरी तालुक्यातला, सध्या इंदिरानगरला राहतो. बी.एस्सी. कृषी झाल्यावर सहा वर्षं एका औषध कंपनीत फिल्डवर होतो. वणी, मोहाडी, पिंपळगाव, ओझर या भागात रोज बागा फिरायचो. निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंद लागतेच. कुठलं औषध, कुठल्या तारखेला, २०० लिटरला किती, आणि त्यानंतर काढणीला किती दिवस थांबायचं. या थांबायच्या दिवसांना सगळे पीएचआय म्हणतात. २०१० साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली. तो हंगाम ज्याने घरात पाहिला त्याला नोंदीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या घरानेही पाहिला.

तरीही बहुतेक बागांत ही वही मोटारीच्या खोलीत खुंटीला लटकलेली असते. पानांवर मोरचुदाचे निळे डाग, मधली पंधरा दिवसांची नोंद आठवून आठवून एकाच पेनाने लिहिलेली. तपासणीच्या आदल्या रात्री अख्खं घर ती वही पूर्ण करायला बसतं. हे काम मोबाईलवर सोपं करता येईल, असं मला मनापासून वाटलं आणि आजही वाटतं.

तेव्हा मला कोडची एक ओळ येत नव्हती. शहरातल्याच एका सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला काम दिलं. आठ महिने आणि २ लाख ४० हजार रुपये गेले. ॲप आलं ते उघडतानाच ईमेल मागायचं. ज्याच्यासाठी केलं तो माणूस ईमेल वापरतच नाही. 'छाटणीनंतर कितवा दिवस' हा रकाना नव्हता. आमच्याकडे तारखेपेक्षा तो दिवसच जास्त बोलला जातो. रकाना वाढवायचे १८ हजार वेगळे सांगितले. पुढे त्यांच्याकडचा कोड लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेला, काम थांबलं. कोड द्या म्हटलं तर दिला नाही.

एका गोष्टीचा त्रास मला पैशांपेक्षा जास्त झाला. समोरचा सांगायचा, "हे करायला तीन आठवडे लागतील," आणि ते खरं की खोटं हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. माझाच धंदा, आणि त्यातलं निम्मं मला वाचता येत नव्हतं.

मग शिकायला घेतलं. रोज पहाटे ५ ते ७. सुरुवातीचे तीन महिने मी नुसते व्हिडिओ पाहिले. हार्वर्डचा सीएस५० कोर्स फुकट आहे, डेव्हिड मॅलन शिकवतात, शिकवणं फार सुंदर. पण दुसऱ्याच आठवड्यात सी भाषा येते आणि मी तिथे अडकलो. मग आणखी एक कोर्स, त्यावर आणखी एक. वही भरून टिपणं काढली, हातून मात्र काही बनलं नाही.

गाडी रुळावर आली ती एका बागेत. एका काकांची वही समोर उघडी होती, त्यातले रकाने मी कागदावर उतरवले: तारीख, प्लॉट, कितवा दिवस, औषध, प्रमाण, कशासाठी. त्या दिवसापासून माझा अभ्यासक्रम हाच. पहिला प्रोग्राम पायथनमध्ये, सहा ओळींचा. छाटणीची तारीख विचारायची आणि आज कितवा दिवस ते सांगायचं. तो चालला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. मी आईला उठवून दाखवला. तिने छाटणीची तारीख सांगितली, आकडा आला, ती बोटांवर मोजून म्हणाली, "बरोबर आहे." दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या हातात आहे.

पुढे माहिती साठवायची म्हणून एसक्यूएल शिकलो, मोबाईलवर दिसावं म्हणून एचटीएमएल, आणि सगळं एकत्र बांधायला जँगो, म्हणजे वेबसाइट बनवायचा पायथनमधला तयार सांगाडा. जी गोष्ट वहीतल्या रकान्याला लागेल तेवढीच. आज ११ बागाईतदार वापरतात, त्यातले ४ जण हंगामाचे १,२०० रुपये देतात. नोकरी आठ महिन्यांपूर्वी सोडली, आठवड्यातून तीन दिवस एका कृषी सेवा केंद्रात बसतो, त्यावर घर चालतं.

आता अडलेला प्रश्न. काही नोंदींची तारीख एक दिवस मागची पडते. सगळ्यांची नाही, रोजही नाही. निफाडच्या एका काकांचा फोन आला, "मी आज फवारलं, तुझी वही काल म्हणते." तीन रात्री शोधतोय, सापडत नाही. जाणकारांनी कृपया बघावं.

सातपूरकर

भाऊ, वाचून धीर आला. मी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, तीन पाळ्या. जॉब कार्डसाठी असंच काही करायचं डोक्यात आहे. रात्रपाळी करून पहाटे बसणं जमत नाही. तुम्ही दिवसाला दोन तास म्हणता, पण आठवडा मोडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं का?

माणिकचमन

दादा, माझाही मोडायचा. एप्रिलच्या खरड छाटणीत तर महिनाभर हात लागला नाही. एक सवय कामी आली. उठताना शेवटची ओळ मराठीत लिहून ठेवायची: "प्लॉटची यादी दिसते, नवीन प्लॉट जोडताना एरर येते, उद्या तिथून." वीस दिवसांनी उघडलं तरी कुठे होतो ते कळतं. आणि तुम्ही सीएनसीवर आहात म्हणजे जी-कोड, मशीनला द्यायच्या सूचना, वाचता. ओळीनंतर ओळ, एक आकडा चुकला तर टूल जॉबवर आदळणार. अर्धी शिस्त तुमच्या हातात आधीच आहे.

गोदातीर

वेगळं मत मांडतो, राग नसावा. चौदा महिन्यांत तुम्ही दोनशे बागाईतदारांना भेटू शकला असता. धंदा उभा करणाऱ्याचं काम गिऱ्हाईक ओळखणं, विकणं, माणसं जोडणं. कोड लिहिणारा भागीदार शोधायचा. राहायला घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे चेस्की आणि गेबिया दोघे डिझाइनचे. कोड लिहिणारा नेथन ब्लेचार्झिक तिसरा भागीदार म्हणून आला, म्हणून कंपनी उभी राहिली. प्रत्येकाने सुतारकाम शिकून घर बांधायचं म्हटलं तर गावं वसायची नाहीत.

आणि आता तर चॅटजीपीटीसारखी साधनं कोड लिहून देतात. २०२२ च्या आधी तुमचा मार्ग पटला असता, आज पहाटे उठून पायथन घोकायची गरज मला दिसत नाही.

माणिकचमन

राग कसला दादा, भागीदाराचं तुमचं म्हणणं मला पटतंच. मी शोधलाही. कॉलेज रोडच्या कॅफेत पाच-सहा जणांना भेटलो. चांगल्या मुलाने माझ्यासोबत का यावं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हातात फक्त कल्पना होती. आज दाखवायला चालती वही आणि पैसे देणारे चार जण आहेत. गेल्या महिन्यात एका मुलीशी बोललो. तिने पहिल्याच भेटीत माझा कोड उघडायला सांगितला आणि तीन चुका दाखवल्या. त्या चुकाच आहेत हे मला कळलं, ही माझी चौदा महिन्यांची कमाई. कोड साठवायचं साधन बनवणाऱ्या गिटलॅबचे सिड सायब्रँडी आधी पाणबुड्या बनवणाऱ्या कंपनीत होते, प्रोग्रामिंग स्वतः शिकले. गिटलॅबचा मूळ कोड त्यांनी लिहिला नाही, तो दिमित्रो झापोरोझेट्सने २०११ साली सुरू केला. सिड यांनी तो वाचला, चांगला आहे हे ओळखलं आणि पुढे दोघे एकत्र आले. मला तेवढी नजर हवी होती.

साधनांचं म्हणाल तर मी रोज वापरतो. पीएचआयचा हिशोब मी तसाच लिहून घेतला होता. कोड नेटका, एरर नाही. पण एका दिवशी दोन औषधं एकत्र मारली तर त्यातल्या ज्याचे दिवस जास्त, तो धरायला हवा. त्याने यादीतलं पहिलं औषध धरलं होतं. मी त्याला सांगितलंच नव्हतं आणि त्याने विचारलं नाही. ओळ वाचता आली म्हणून दिसलं. नसती आली तर कुणाची तरी बाग चार दिवस आधी 'काढणीला तयार' दिसली असती. कंटेनर पोचल्यावर ते बागाईतदाराच्या अंगावर आलं असतं.

पाटीपेन्सिल

नाशिक रोडहून लिहितेय. लग्नाआधी लेखापाल होते, मुलांमुळे नऊ वर्षं घरी. बचत गटांचे हिशोब मी वहीत ठेवते, आसपासचे सात गट आहेत, त्यासाठी काही करावं असं खूप दिवस मनात आहे. शिक्षण मराठी माध्यमातलं. एररचा इंग्रजी मजकूर आला की छातीत धस्स होतं आणि मी खिडकी बंद करते. हे फक्त मलाच होतं का?

माणिकचमन

ताई, मलाही व्हायचं. दोन गोष्टी सांगतो. पायथनचा एरर खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, त्याच्या जरा वर आपल्या फाईलचं नाव आणि ओळ क्रमांक. बाकीचं सुरुवातीला सोडून द्या. मी प्रत्येक नवा एरर वहीत लिहून पुढे मराठीत अर्थ लिहिला. चाळीसेक झाले आणि मग तेच तेच यायला लागले.

दुसरं, आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. छोटे छोटे धडे आहेत, पुष्कळ विषयांचा आवाज मराठीत आहे, आणि फुकट. तुमचा हिशोब पक्का आहे म्हणजे जमा-नावे नीट कळतं. डेटाबेस शिकताना तुम्ही माझ्यापुढे जाल, हे मी अगदी खात्रीने लिहितोय.

शिवशाहीतला

पंधरा वर्षं हेच काम करतोय. पुण्यात नोकरी, शनिवार-रविवार नाशिक. आधी ताईंना एक: पैसे साठवताना अपूर्णांकात साठवू नका. संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. कारण तो आतून दोनच्या पटीत मोजतो, त्याला ०.१ नेमका लिहिताच येत नाही. बचत गटात महिन्याअखेर पैसा जुळला नाही तर बायका तुम्हाला विचारणार. सगळे आकडे पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि दाखवताना शंभराने भागा.

माणिकचमन, आता तुझ्या चुकीकडे. ज्या नोंदी मागे पडतात त्या किती वाजता केलेल्या आहेत? पहाटे साडेपाचच्या आधीच्या आहेत का बघ.

माणिकचमन

दादा, आत्ता काढून बघितल्या. १७ नोंदी आहेत. सगळ्या पहाटे ४ ते साडेपाचमधल्या. एकही त्यानंतरची नाही! डाऊनी रोगाच्या भीतीने या आठवड्यात बरेच जण साडेचारलाच फवारणीचा ब्लोअर काढतायत. तुम्हाला कसं कळलं?

शिवशाहीतला

कारण मीही यात एकदा दोन दिवस घालवलेत. जँगोचा नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंगमध्ये वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची असते. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे पहाटेचे पाच म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा. तू आजची तारीख संगणकाला विचारतोस आणि तो त्याची तारीख सांगतो. टाईम झोनमध्ये एशिया/कोलकाता लिही, नव्या नोंदी ठीक पडतील.

पण तेवढ्यावर सोडू नकोस. तारीख मागे पडली म्हणजे पीएचआय एक दिवस आधी संपतो. जी दिशा धोक्याची तीच. जुन्या १७ नोंदी आज दुरुस्त कर. नोंद झाल्याची पूर्ण वेळ वेगळी साठवली असशील तर त्यावरून काढता येतील. आणि फवारणीची तारीख संगणकाकडून घेऊच नकोस, माणसाला विचार. सकाळी फवारून रात्री जेवल्यावर नोंद करणारे असतीलच. 'फवारणी कधी केली' आणि 'नोंद कधी केली' हे दोन वेगळे रकाने.

आणखी एक. बागेत रेंज नसताना सेव्ह दाबलं तर लिहिलेलं जातं का? जात असेल तर आधी फोनमध्येच साठव, रेंज आल्यावर वर पाठव. एकदा लिहिलेलं हरवलं की तो शेतकरी पुन्हा वहीकडे जाईल, आणि त्याचं बरोबर असेल.

माणिकचमन

पूर्ण वेळ साठवली आहे, म्हणजे दुरुस्त होतील. त्या सगळ्यांना आधी फोन करतो, मग कोड. रेंजचं अजून केलेलं नाही, जातं लिहिलेलं. यादीत सगळ्यात वर घेतो. मनापासून आभार दादा.

अजून एक ज्यात मी फसलो होतो, इतरांसाठी लिहून ठेवतो. काही जण मराठी कीबोर्डवरून '१२' असा आकडा टाकतात. पायथन तो बिनतक्रार बारा म्हणून घेतो. पण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट घेत नाही, 'हा आकडाच नाही' म्हणते आणि प्रमाणाच्या जागी एनएएन उमटतं. आपल्या लोकांसाठी बनवायचं तर देवनागरी आकडे आधी बदलून घ्यावे लागतात.

काळाकोट

मी वकिली करतो. माणिकचमन यांनी पहिल्या ॲपबद्दल जे लिहिलं तशी माणसं माझ्याकडे येतात, आणि येतात ती सगळं झाल्यावर. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ प्रमाणे नोकरीत असलेल्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर ते मालकाचं. पण बाहेरच्याला पैसे देऊन लिहून घेतलं आणि लेखी करार नसेल, तर सर्वसाधारणपणे पहिला मालक लिहिणाराच. "मी पैसे दिले म्हणजे माझं" हे आपोआप होत नाही. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं, कलम १९. भागीदाराबरोबरही हेच करा. ती मुलगी सोबत येणार असेल तर पहिली ओळ लिहिण्याआधी कागद करा, तिच्याही भल्यासाठी.

शिवाय शेतकऱ्यांचे फोन नंबर, प्लॉटची माहिती तुमच्याकडे जमा होतेय. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेवा. कशासाठी घेतोय ते साध्या मराठीत सांगून संमती घेण्याची सवय आत्तापासून लावा.

गोदातीर

साडेपाच वाजताची गोष्ट वाचून माझं मत थोडं सरकलं, हे कबूल करतो. बाहेरच्या कुणी ही चूक शोधली असती, पण पहाटे साडेचारला ब्लोअर निघतो हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी माझा आग्रह कायम आहे. तीन दिवस कोड, तीन दिवस बागा असं काटेकोर करा. ११ चे ५० झाल्याशिवाय नवा रकाना नको.

माणिकचमन

हे मान्य दादा. फेब्रुवारीत काढणीची धांदल सुरू झाली की कुणी नवं शिकायला बसत नाही. त्याआधी ५० चा प्रयत्न करतो.

निफाडचा_बागाईतदार

तो फोन माझाच व्हता. पोराने धागा दाखवला म्हणून लिहितो. तारीख आज बरोबर आली, चार वाजता फवारून मुद्दाम नोंद करून बघितली. वर तारीख विचारते ते बी चांगलं केलं.

पन आजून एक. माझी छाटणी चार ऑक्टोबरची. आज अकरा नोव्हेंबर. माझ्या हिशोबाने आज एकोणचाळिसावा दिवस. तुझी वही अडतिसावा दाखवते. फुलोऱ्यात एक दिवस इकडचा तिकडं चालत नाही.

शिवशाहीतला

काका छाटणीचा दिवस पहिला धरतायत. तारखेतून तारीख वजा केली की तो शून्य होतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

माणिकचमन

आत्ता अकराही जणांना फोन करून विचारलं. सात जण छाटणीचा दिवस पहिला धरतात, चार जण शून्य. माझी आई शून्य धरते, म्हणून पहिल्या दिवशी तिला बरोबर वाटलं! आता प्लॉट जोडताना एकदाच विचारतो: "छाटणीचा दिवस कितवा?" पीएचआयला मात्र हा नियम लावत नाही, तिथे फवारणीचा दिवस शून्यच राहील. दोन्ही हिशोब वेगळे लिहिले आणि दोन्हींच्या चाचण्याही लिहिल्या, चार ऑक्टोबर ते अकरा नोव्हेंबर हीच तारीख घेऊन. काका, एकदा उघडून बघता का?

निफाडचा_बागाईतदार

एकोणचाळीस आलं. बरोबर.

दोन नंबर प्लॉटला मजूर कमी पडले व्हते. चाळीस ओळी सहा तारखेला छाटल्या, बाकीच्या आठ तारखेला. पेस्टिंग, म्हंजे डोळे फुटायचं औषध लावनं, बी तसंच दोनदा. त्या प्लॉटला तारीख कोनती टाकू?

माणिकचमन

काका, याचा मी विचारच केला नव्हता. उद्या सकाळी साताला बागेत येतो. तुमची जुनी वही काढून ठेवा, त्यात तुम्ही कसं लिहिलंय ते आधी बघू.